कोविन: नोंदवही पक्की, रांग कच्ची

कोविन पोर्टल, म्हणजे कोविड लसीकरणाची सरकारी वेबसाइट, ही एकात घातलेली दोन कामं. एक नोंदवही: कोणाला, कधी, कोणत्या बॅचची लस टोचली. दुसरं रांग लावणं. सांगली जिल्ह्यातून पाहिलं तर नोंदवहीला पाचपैकी साडेचार गुण, रांगेला दोन. आणि रांगेचे जे तीन गेले, त्यात सॉफ्टवेअरचा वाटा थोडाच.

16 जानेवारी 2021 ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. 1 मार्चला साठीपुढचे आणि 1 एप्रिलला 45 च्या पुढचे आले. या मंडळींना आधार कार्ड घेऊन थेट केंद्रावर गेलं तरी चालत होतं. 1 मेला मात्र 18 वर्षांपुढच्या सगळ्यांना एकदम दार उघडलं आणि त्यांना ऑनलाइन स्लॉट सक्तीचा केला. त्याच दिवसापासून खरेदीचीही वाटणी झाली: निम्मा माल केंद्राचा, पाव राज्यांचा, पाव खासगी दवाखान्यांचा. माल तेवढाच, गिऱ्हाईक कितीतरी पट!

पोर्टल राहण्याचा पत्ता विचारत नव्हतं. 416404 हा पिनकोड टाकला की सांगली जिल्ह्यातल्या जतचा स्लॉट कुणालाही दिसायचा. ज्याचं बोट चपळ आणि दारात गाडी, त्याचा. जतच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी गावं आहेत, पण पोर्टलवर मराठी आणि कन्नड आली जूनमध्ये. 24 मेला सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा मिळाली, तिथून गाठ सुटू लागली. 18 ते 44 वयोगटाचं विकतच्या लसीचं धोरण सर्वोच्च न्यायालयानं प्रथमदर्शनी मनमानी ठरवलं. 7 जूनला पंतप्रधानांनी धोरण बदलल्याचं जाहीर केलं आणि 21 जूनपासून 75 टक्के खरेदी पुन्हा केंद्राकडे गेली. हाच निर्णय 1 मेच्या आधी झाला असता तर पोर्टलला कुणी इतके बोल लावले नसते.

स्लॉट पद्धतीची खरी परीक्षा कुपीपाशी होती. कोविशील्डची कुपी 5 मिलीची, त्यात अर्ध्या मिलीचे दहा डोस. ठेवायची 2 ते 8 अंशांत. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलेलं टाकून द्यायचं. शेवटच्या कुपीला सहाच माणसं उरली आणि स्लॉटवाले चौघे आलेच नाहीत, तर सिस्टरनं काय करावं? उघडली तर चार डोस वाया, नाही उघडली तर सहा माणसं परत. उपकेंद्रावर याचं उत्तर आशाताईंच्या फोनमध्ये असायचं, पोर्टलमध्ये नव्हे. कुपीत थोडा माल जास्तीचा भरलेला असतो. केरळच्या सिस्टर त्यातून अकरावा डोस काढत. ती करामत हाताची.

13 मे 2021 ला कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर 6 ते 8 आठवड्यांवरून 12 ते 16 आठवडे झालं. पोर्टलमध्ये 84 दिवसांचं कुलूप बसलं. ‘84 दिवस झाले का?’ हा प्रश्न त्या पावसाळ्यात घरोघरी होता. आधी घेतलेल्या अपॉइंटमेंट पाळाव्यात असं केंद्रानं सांगितलं खरं, पण तोवर कित्येकांची पायपीट होऊन गेली होती.

आता नोंदवहीकडे. मे 2021 पासून अपॉइंटमेंटबरोबर चार आकडी कोड येऊ लागला. स्लॉट घेऊनही केंद्रावर न आलेल्यांची ‘लस घेतली’ अशी नोंद पडत होती, त्यावर हा उपाय. साधा आणि नेमका. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड खराखोटा लगेच दाखवतो. कमकुवत बाजू माहितीच्या सुरक्षेची: जून 2023 मध्ये टेलिग्रामवरच्या बॉटमधून लाभार्थ्यांची माहिती मिळत असल्याच्या बातम्या आल्या, मंत्रालयानं पोर्टल सुरक्षित असल्याचं सांगितलं.

सगळ्यात जास्त घोळ झाला तो मोबाइल नंबरचा. पहिला डोस मुलाच्या नंबरवर, दुसरा शेजाऱ्याच्या नंबरवर नोंदवला की पोर्टलच्या लेखी दोन वेगळी माणसं तयार व्हायची आणि हाती पडायची पहिल्या डोसचीच दोन प्रमाणपत्रं. त्यासाठी तक्रारीच्या पर्यायात दोन्ही प्रमाणपत्रं एकत्र करण्याची सोय नंतर दिली गेली. नाव, जन्मवर्ष आणि लिंग यांतली चूकही तिथेच दुरुस्त करता येई, पण एकदाच. म्हणून स्पेलिंग आधी ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर ताडून मगच बटण दाबायचं.