लग्नाचं भिंतीवरचं प्रमाणपत्र : छापील की हाती लिहिलेलं?

महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याखाली मिळणारं विवाह नोंदणीचं सरकारी प्रमाणपत्र कपाटातल्या फायलीतच राहणार. भिंतीवरचं निव्वळ हौसेचं, पासपोर्टला त्याचा उपयोग नाही. हौस मात्र जुनी. ज्यूंचा केतुबा हा खरं तर लग्नाचा करार, पण इटलीत सतराव्या-अठराव्या शतकात चर्मपत्रावर कमानी, फुलं, पक्षी रंगवून तो नटवायचे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रमाणपत्रावर लग्नाला हजर असलेले सगळे सह्या करतात. आम्ही ती सह्यांची कल्पना उचलली.

माझ्या लग्नात छापील केलं, बहिणीच्या लग्नात हाती लिहून घेतलं.

छापील दोन दिवसांत मिळतं, स्वस्त पडतं, सासरी-माहेरी एकेक प्रत देता येते. नावगाव सरळ असेल तर खुशाल तेच घ्या.

आमचं घोडं अडलं बायकोच्या माहेरच्या गावापाशी. साताऱ्यातल्या एका डीटीपीवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवला. त्याच्याकडे जुना फाँट. पहिल्या प्रुफात ‘कर्हाड’, हा च्या डोक्यावर रफार. तो म्हणाला, “वाचता येतंय की!” दुसऱ्या प्रुफात अर्धा र आला, पण क आणि हा यांच्यामध्ये सुटी रेघ होऊन. तिसऱ्यांदा त्याने सरळ ‘कराड’ करून टाकलं. एसटीच्या पाटीवर चालतं, मान्य. पण सासरे पत्रावरसुद्धा कऱ्हाडच लिहितात. लग्न चार दिवसांवर आलेलं, घेतलं तसंच. रोज सकाळी चहा पिताना नजर नेमकी तिथेच जाते.

बहिणीच्या वेळी लिहिणाऱ्याने रद्दी कागदावर कट निबने ‘ऱ्ह’ एका वळणात काढून दाखवला. मी तिथेच आगाऊ पैसे दिले. (मोडीचाही मोह झाला होता, साताऱ्यात तो होणारच. पण वाचणार कोण?)

कटकटी यातही आहेत. दोन महिने आधी सांगावं लागतं, खर्च चौपट, एक अक्षर चुकलं की अख्खा कागद बाद. हातकागदावर कुठली शाई फुटत नाही ते तुकड्यावर आधी बघा, आणि मांडवात पेन आपलंच ठेवा. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा. आपल्याकडच्या पावसात चिकटून बुरशी धरते. समोरून ऊन येणारी भिंतही नको.

घाई असेल तर छापील वाईट नाही, एवढंच म्हणेन.

बहिणीच्या कागदावर माझ्या सासऱ्यांनीही सही केली. चष्मा लावून आधी सगळा मजकूर वाचला, मग सहीखाली स्वतःहून गाव लिहिलं : कऱ्हाड.