कोऱ्या डब्यातले म्हातारे रबर : हेराल्डच्या ओरिजिनल सुट्या भागांचा अनुभव

इंजिनातले तेल वापराने कमी होते, वाढत नाही. माझ्या स्टँडर्ड हेराल्ड या दोन दरवाजांच्या जुन्या मोटारीच्या डिपस्टिकवर (तेल मोजण्याच्या पट्टीवर) मात्र मे महिन्यात ते खुणेच्या वर चढलेले दिसले आणि त्याला पेट्रोलचा उग्र वास येत होता. गाडी त्या वेळी परतवाडा-अंजनगाव रस्त्यावर बंद पडलेली होती. अशी ती पूर्वीही थांबत असे. पण पंचेचाळीस अंशांच्या उन्हात नळीतल्या पेट्रोलची वाफ होत असणार, असे धरून आम्ही फ्युएल पंपावर ओले फडके टाकून वाट पाहत होतो. खरा प्रकार वेगळाच होता. पंपाचा डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा, फाटून पेट्रोल थेट इंजिनातल्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरत होते आणि त्या पातळ झालेल्या तेलावर बेअरिंगे फिरत होती.

हा पंप मी मुंबईतील एका विक्रेत्याकडून त्याच काळातला, न वापरलेला, डब्यासह म्हणून साडेआठ हजारांना घेतला होता. याच्या एक तृतीयांश किमतीत लोकल पंप मिळत होता. तो नाकारण्याचे कारण एवढेच की गाडी शक्य तेवढी मूळ भागांनीच उभी करायची असे ठरले होते. विक्रेत्याला फोन केला, तेव्हा पेट्रोलचे आणि विजेचे भाग परत घेतले जात नाहीत, हे एकच वाक्य त्याने पुन्हा पुन्हा ऐकवले. त्या संध्याकाळी हा मजकूर लिहिला असता, तर तो निव्वळ त्या माणसाविरुद्धची तक्रार झाला असता.

वास्तविक मूळ भागांबद्दल माझे मत तोवर फार चांगले होते आणि धातूच्या भागांबाबत ते आजही तसेच आहे. इंग्लंडात १९५९ मध्ये आलेल्या हेराल्डचीच चासी आखूड करून १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार तयार झाली. त्यामुळे आपल्याकडची हेराल्ड बनवणारा मद्रासचा कारखाना केव्हाच बंद पडला असला, तरी स्पिटफायरच्या हौशी मालकांच्या कृपेने पुढच्या सस्पेन्शनचे बरेच भाग तिकडे अजून मिळतात. कस्टम ड्युटी भरताना जीव कळवळतो, पण मूळ मापाचे पितळी ट्रनियन (पुढचे चाक ज्यावर वळते ते सांधे) बसवल्यानंतर स्टिअरिंग इतके हलके झाले की बाजार समितीच्या फाटकात, कापसाच्या गाड्यांच्या गर्दीतही, पंचवीस फुटांच्या वर्तुळात ही गाडी एका दमात वळते. एक सूचना येथेच करतो : ट्रनियनमध्ये ग्रीस भरू नये, नव्वद नंबरचे गिअर ऑइलच घालावे. ग्रीसमुळे आतले आटे कोरडे पडतात, चाक धरणारी उभी लिंक तुटते आणि चाक आडवे होते.

पंपाकडे परत येतो. आमच्या मिस्त्रींनी तो उघडला, फुगून पदर सुटलेला डायफ्राम बोटावर धरला आणि म्हणाले, "डबा कोरा हाय भाऊ, पण रबर म्हातारं झालं." ते अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे पेट्रोलमध्ये होते. २०२५ पासून आपल्याकडे सर्वत्र वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि १९६० च्या दशकातले रबर त्यासाठी घडवलेलेच नाही. (त्या इथेनॉलसाठी मका आमच्याच शेतांतून जातो, त्यामुळे फार बोलण्याची सोय नाही.) खात्रीसाठी मी जुन्या डायफ्रामचा एक तुकडा आणि नव्या फ्लुओरोरबराचा एक तुकडा एकाच बाटलीत पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला. जुना फुगून वाकडा झाला, नव्याला काही झाले नाही. त्यानंतर त्याच विक्रेत्याकडचे ब्रेकचे कोरे रबरी कप तपासले. नखाने दाबताच त्यांना चिरा पडल्या. येथे पेट्रोलचा संबंधच नव्हता, केवळ वय होते, आणि हे भाग ब्रेकचे होते.

म्हणून माझे मत बदलले, पण पूर्ण नाही. विक्रेत्याने खोटा माल दिला नाही. त्याने पन्नासहून अधिक वर्षांचे रबर नव्याच्या भावाने विकले. पंपाचे ओतीव अंग, हाताने पेट्रोल चढवण्याची दांडी आणि काचेची वाटी यांना तोड नाही, लोकल पंपात ते काम दिसत नाही. त्याच अंगात इथेनॉल सोसणारा नवा डायफ्राम बसवला, तेल बदलले, आणि पावसाळाभर गाडी एकदाही अडली नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणीसाठी मूळ रूप राखावे लागते. त्यात चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल चालत नाही, डायफ्रामवर कोणी हरकत घेईल असे वाटत नाही. तसाही तो अर्ज मी करणार नाही, कारण वीस हजार रुपये भरून रोजच्या वापराची मुभा गमवावी लागते आणि मला गाडी बाजाराला न्यायची असते.

आता समोरच्या काचेचे रबर उरले आहे. त्याच विक्रेत्याने ते ओरिजिनल पॅकिंगमध्ये सहा हजारांना देऊ केले आहे. ते कोणत्या साली बनले, असे मी लेखी विचारले. उत्तरादाखल त्याने पाकिटाच्या दुसऱ्या बाजूचा फोटो पाठवला.