क्वेस्ट ३ वर टेबल टेनिस : एका जुन्या टीटीवालीचा अभिप्राय

मी एकवीस गुणांच्या गेमच्या काळातली खेळाडू. २००१ साली गेम अकराचा झाला, तोवर माझं टीटी आंतरबँक स्पर्धांपुरतं उरलं होतं. पुढे गुडघ्यांनी तेही थांबवलं. त्यामुळे भाच्याने न्यू जर्सीहून येताना मेटा क्वेस्ट ३ हा डोळ्यांवर चढवायचा आभासी जगाचा (व्हीआर) हेडसेट आणला, तेव्हा त्यातल्या झॉम्बींशी आणि तलवारींशी मला काही देणंघेणं नव्हतं. ‘इलेव्हन टेबल टेनिस’ या गेममध्ये माझा बॅकहँड चालतो का, एवढंच बघायचं होतं.

चालतो, आणि झकास चालतो.

टीव्हीवरच्या गेममध्ये बटण दाबलं की पडद्यावरचा माणूस फटका मारतो. आपला फक्त अंगठा हलतो, बाकीचा देह सोफ्यावर. इथे फटका आपल्यालाच मारावा लागतो. टेबल खऱ्या मापाचं, २.७४ मीटर लांब, जाळी १५.२५ सेंटीमीटर उंच. दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर, उजवा म्हणजे बॅट. डाव्याचा ट्रिगर सोडला की चेंडू हातातून सुटतो, मग उजव्या हाताने सर्व्हिस. चेंडूखालून बॅट घासत नेली तर खरोखर कट (उलटी फिरकी) बसतो, आणि समोरच्याने तो नुसता ढकलला तर जाळीत जातो. उलट, कट माझ्याकडे आला की बॅटचं तोंड आपोआप वर उघडतं. मनगट ते विसरलेलंच नव्हतं. भाचा लहानपणापासून गेम खेळतोय, पण कधी टीटी खेळलेला नाही. त्याचे चेंडू एकामागोमाग एक जाळीत. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

चेंडू लागतो त्या क्षणी कंट्रोलर बारीकसा थरथरतो आणि ‘टक’ असा आवाज येतो. एवढ्यावर मेंदू फसतो. फसत नाही तो तळहात. खरी बॅट पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास असते, कंट्रोलर त्याहून बराच हलका. शिवाय त्याची मूठ शेकहँड पकडीसारखी नाही. सेटिंगमध्ये बॅटचा कोन बदलता येतो, ते आधी करून घ्या, नाहीतर सगळे फोरहँड आभाळात. कंट्रोलरला बॅटसारखा दांडा जोडणारे अडॅप्टरही मिळतात. रोज खेळणाऱ्याने तो जरूर घ्यावा.

हेडसेटवरचे कॅमेरे कंट्रोलरमधले इन्फ्रारेड दिवे बघून हात कुठे आहे ते ओळखतात. हात नजरेआड गेला की आतले गतीचे सेन्सर वेळ मारून नेतात. क्षणभर ते निभतं, पण हात पाठीमागेच ठेवून उभं राहिलं तर बॅट भरकटते.

आता आपल्या घरांबद्दल. हेडसेट आधी जमिनीवर कुंपण आखून घेतो, आपण कडेला गेलो की त्या कुंपणाची जाळी दिसते. पण डोक्यावरच्या पंख्याचं त्याला सोयरसुतक नाही. छत बुटकं असेल तर स्मॅशच्या आधी पंखा बंद करा. पंखा बंद म्हणजे घाम आला. तो थेट कपाळावरच्या फोममध्ये मुरतो, म्हणून सिलिकॉनचं कव्हर लावलेलं बरं. रॅली संपल्यावर टेबलावर हात टेकायची जुनी सवय असेल तर ती आवरा, तिथे टेबल नाही! मी तर कॅमेऱ्यातून आपलाच हॉल दिसतो त्या मोडमध्येच खेळते. सोफा, शोकेस, टीपॉय जागच्या जागी आणि मधोमध टेबल. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र जरा खरखरीत दिसतं, पण पायाला टीपॉय लागत नाही.

दुसऱ्या प्रकारचे गेम मात्र मला झेपले नाहीत. कंट्रोलरची दांडी पुढे ढकलून चालायचं असलं की पाच मिनिटांत खंडाळ्याच्या घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसल्यागत मळमळतं. एसटीत पुस्तकात डोकं घातलं की कानातल्या तोलाच्या इंद्रियाला हालचाल कळते आणि डोळ्यांना नाही. इथे ते उलटं होतं. डोळे म्हणतात चाललोय, कान म्हणतो उभे आहोत. टीटीमध्ये जेवढं पाऊल टाकाल तेवढंच सरकता, म्हणून तिथे हा त्रास नाही. भाच्याने त्याच्या गेमिंग पीसीला जोडून २०२० चा ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ हा गेमही दाखवला. त्यात एका जागेवरून दुसरीकडे थेट उडी मारायची सोय आहे, म्हणून निभावलं. पिस्तुलाची गोळ्यांची मॅगझिन खांद्यामागून हात घालून काढायची, खालून आत सरकवायची, वरचा खटका ओढायचा. समोरून काहीतरी भयंकर चालत येत असताना हे बोटांनी करून बघा. मॅगझिन हातातून पडते. बटण दाबून बंदूक भरायच्या गेममध्ये ही धांदल कधीच होत नसणार.

हेडसेटचं वजन ५१५ ग्रॅम, आणि तेही सगळं तोंडापुढे. सोबतचा पट्टा मऊ कापडी आहे, मान दुखू नये म्हणून मागून आधार देणारा पट्टा वेगळा घ्यावा. बॅटरी दोन तासांच्या आसपास चालते, माझ्या वयाला पुरे. चष्मा लावून घालता येतो, डोळ्यांपासूनचं अंतर वाढवायची सोय आहे. हेडसेट खिडकीत उन्हात ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की पडदा जळतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात याचा धाकटा भाऊ ३एस अमेरिकेत २९९ डॉलरपासून आला. चिप तीच, पण भिंगं जुन्या पद्धतीची फ्रेनेल, कडेला धूसर दिसणारी. क्वेस्ट ३ ची पॅनकेक भिंगं कडेपर्यंत स्वच्छ आहेत. टीटीत चेंडू कोपऱ्यातून येतो, म्हणून मी ३ च घ्या म्हणेन. नुसतं गाण्याच्या तालावर ठोकळे कापायचे गेम खेळायचे असतील तर ३एस भरपूर झाला. इथे बरेचदा आयात केलेला माल मिळतो, तेव्हा पैसे देण्याआधी वॉरंटी कोण देणार ते लेखी घ्या. आणि सोसायटीच्या क्लबमध्ये टेबल असेल, समोर खेळायला कुणी असेल, तर हा खर्च कशाला करता? बॅटला चांगलं रबर लावून घ्या.