पुसून पुन्हा लिहायची वही : प्रोग्रॅमच्या आराखड्यांसाठी कितपत उपयोगी?

एकसारख्या फाइली शोधून काढणारा एक लहान प्रोग्रॅम सुधारण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्याचे आराखडे काढण्यासाठी मी पुसून पुन्हा वापरता येणारी वही घेतली. हे परीक्षण त्या वहीचे आहे. पण तिचा कस लागला तो याच कामात, त्यामुळे दोन्हींबद्दल एकत्रच लिहावे लागेल.

वहीची पाने कागदाची नसून गुळगुळीत, पॉलिएस्टरयुक्त कृत्रिम पदार्थाची आहेत आणि त्यांवर पायलट कंपनीच्या फ्रिक्शन पेनाने लिहायचे असते. साध्या कागदावर ही शाई घर्षणाच्या उष्णतेने दिसेनाशी होते. सुमारे ६० अंश सेल्सिअसला तिचा रंग जातो आणि शून्याखाली बरीच गारठली, तर तो परतही येऊ शकतो. या वहीत मात्र शाई पानात मुरतच नाही, वरच्या वर सुकते आणि ओल्या फडक्याने निघून येते. शाई तीच असल्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत वही ठेवणे टाळावे, हे वेष्टनावर ठळक छापायला हवे. लिहिल्यावर अक्षरे सुकायला काही सेकंद थांबावे लागते; डाव्या हाताने लिहिणाऱ्यांना ही अडचण अधिक जाणवेल.

आता मूळ काम. प्रोग्रॅमची जुनी रचना प्रत्येक फाइल दुसऱ्या प्रत्येक फाइलीशी ताडून पाहण्याची होती. फाइली १०,००० असल्या, तर अशा जोड्या ४,९९,९५,००० होतात आणि तेवढ्या वेळा डिस्कवरून वाचन करणे म्हणजे निव्वळ अपव्यय. ज्यांचा आकार वेगळा, त्या फाइली एकसारख्या असूच शकत नाहीत, म्हणून आधी आकारानुसार गट पाडायचे. एकेकटी उरलेली फाइल तिथेच सोडून द्यायची. उरलेल्यांच्या सुरुवातीच्या ४ किलोबाइटचा हॅश (म्हणजे त्या मजकुरावरून गणिताने काढलेली ठशासारखी छोटी खूण) काढायचा आणि तोही जुळला, तरच संपूर्ण फाइल वाचायची. हा क्रम एका बैठकीत ठरत नाही. चौकटी सरकतात, बाण फिरतात, मधली एखादी पायरी निघून जाते. अशा वेळी फडक्याचे ओले टोक बोटावर गुंडाळून नेमका तेवढाच बाण पुसता येतो आणि शेजारची चौकट जशीच्या तशी राहते, ही या वहीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. कागदावर दर बदलाला नवी आकृती काढावी लागली असती आणि त्या कंटाळ्यापोटीच अर्धवट विचार कायम केला गेला असता.

अपवादांसाठी मी एक पान राखून ठेवले होते. शून्य बाइटच्या सगळ्या फाइली एकमेकींसारख्याच ठरतात, त्यामुळे त्या वेगळ्या दाखवाव्या लागतात. हार्ड लिंक (म्हणजे एकाच फाइलीला दिलेले आणखी एक नाव) असेल, तर दोन नावे एकाच आयनोडकडे, म्हणजे डिस्कवरच्या फाइलीच्या मूळ नोंदीकडे, बोट दाखवतात. त्यांतले एक नाव काढून डिस्कवरची जागा काही मोकळी होत नाही. हॅशवर किती विसंबायचे, हा प्रश्न याहून मोठा. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेतील संशोधकांनी शा-१ या हॅश काढण्याच्या पद्धतीने एकच हॅश येणाऱ्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली प्रसिद्ध केल्या, आणि त्यांचा आकारही समान होता. आकार व शा-१ एवढ्यावरच थांबणारा प्रोग्रॅम त्यांतली एक निःशंकपणे काढून टाकेल. त्यामुळे फाइल काढून टाकण्यापूर्वी दोन्ही फाइलींचा प्रत्येक बाइट ताडून पाहण्याची पायरी मी आराखड्यात घातली. ती वेळखाऊ आहे. पण इतरांच्या फाइली पुसणाऱ्या साधनाने एवढी खबरदारी घेतलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वहीची खरी उणीव इथेच दिसते. आकृती पुसली की ती तशी का होती, हेही पुसले जाते. वहीच्या मोबाइल ॲपमधून पानाचे छायाचित्र काढून साठवण्याची सोय आहे आणि ती व्यवस्थित चालते, मात्र पुसण्याआधी ते आठवणीने करावे लागते. शिवाय एकाच पानाची दोन छायाचित्रे डोळ्यांना सारखी दिसली, तरी प्रकाश आणि कोन यांतल्या सूक्ष्म फरकामुळे त्यांचे बाइट वेगळे असतात. म्हणजे साठत जाणारी ही छायाचित्रे माझ्या प्रोग्रॅमला डुप्लिकेट म्हणून सापडणार नाहीत. त्यांच्या नावात तारीख व विषय घालण्याची शिस्त आपणच पाळायला हवी. निर्णयांमागची कारणे मी वहीत न ठेवता कोडमधील टिपणांतच लिहितो.

बऱ्याच काळाने पुसलेल्या पानावर फिकट छटा उरते, पण तिचा वाचनाला अडथळा होत नाही. रोजनिशी किंवा जपून ठेवायच्या नोंदींसाठी ही वही मी सुचवणार नाही. ज्यांचे आराखडे सतत बदलतात, त्यांनी ती जरूर घ्यावी आणि सोबत एक जास्तीचे पेनही, कारण घरात पडलेले साधे बॉलपेन एकदा जरी या पानावर चालवले, तरी ते पान कायमचे वाया जाऊ शकते.