धार काढायला कोणी येईना

इंग्रज कवी जॉन मिल्टनवरची ही अनुवादित कादंबरी हाती आली तर आधी तुरुंगातून सुटल्यानंतरचं प्रकरण वाचा. सकाळची वेळ आहे. १६५२ पासून पूर्ण आंधळा असलेला कवी रात्रभर अंथरुणात रचलेल्या ओळी डोक्यात धरून बसलाय, लिहून घेणारा अजून आलेला नाही. तो कळवळून म्हणतो, "आता धार काढायला हवी." हे वाक्य कादंबरीकाराच्या पदरचं नाही, मिल्टनच्या काळातल्या चरित्रातच ही गाईचं दूध काढण्याची उपमा आहे. दहा, वीस, कधी तीस ओळी अशा साठायच्या. मग पुतण्या-भाच्यांपैकी कोणी येऊन शुद्धलेखन आणि विरामचिन्हं नीट करायचं. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी उतरवल्या, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा बोलत गेले आणि साने गुरुजी लिहीत गेले. आपल्याकडच्या वाचकाला हे प्रकरण वेगळं समजावून सांगायला नको.

पाठलागाचा भागही चोख आहे, कारण लेखकाने तारखांशी खेळ केलेला नाही. मिल्टनने पहिल्या चार्ल्स राजाच्या शिरच्छेदाची बाजू घेतली होती. २९ मे १६६० ला त्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स राजा म्हणून लंडनमध्ये शिरला. मिल्टनने वेस्टमिन्स्टरचं घर सोडलं आणि बार्थोलोम्यू क्लोजमध्ये एका मित्राकडे दडला. १३ ऑगस्टला जाहीरनामा निघाला: त्याची दोन पुस्तकं गोळा करा आणि जल्लादाच्या हातून जाळा. २९ ऑगस्टला माफीचा कायदा झाला. ज्यांना माफी नाही त्यांच्या यादीत मिल्टनचं नाव नव्हतं, म्हणून तो बाहेर आला, तरी पकडलाच. १५ डिसेंबरला पार्लमेंटने सुटकेचा हुकूम दिला, तर तुरुंगाने फी मागितली दीडशे पौंड! मित्र अँड्र्यू मार्व्हेल, स्वतः कवी आणि खासदार, सभागृहात त्या रकमेविरुद्ध उभा राहतो, ती चार पानं पुस्तकातली सर्वांत सरस. तलवार नाही, धावाधाव नाही, फक्त एक बिल, आणि तरी छातीत धडधडतं.

मुलींचं चित्रण मात्र पटत नाही. लपण्याच्या दिवसांत त्या बापाला लॅटिन-ग्रीक वाचून दाखवतात असं लिहिलंय. १६६० मध्ये थोरली चौदा वर्षांची होती, धाकटी आठ. शिवाय थोरलीला बोलण्यात अडचण होती, तिला पुढेही वाचायला बसवत नसत.

अनुवादातली एक चूक वाचकाला गोंधळात पाडते. राजाविरुद्धच्या बंडाचा पुढारी क्रॉमवेल, त्याचं प्रेत उकरून लंडनच्या फाशीच्या जागी, टायबर्नला, लटकवलं ते ३० जानेवारी १६६१ ला. अनुवादात १६६० छापलंय, म्हणजे राजा परतण्याच्या आधीच! इंग्लंडमध्ये तेव्हा कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जुन्या कागदांत जानेवारी-फेब्रुवारी मागच्या वर्षात पडतात. भाषांतर करताना तो आकडा तसाच उचलला गेला असावा. पुढच्या आवृत्तीत हे दुरुस्त व्हायलाच हवं. तोवर आपल्या प्रतीत पेन्सिलीने १६६१ करून ठेवा.

बांधणी नुसत्या डिंकाची आहे, शिलाई नाही. जळगावच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत डिंक मऊ पडतो आणि मधली पानं सुटतात. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत प्रत ठेवू नका, पुस्तक पूर्ण उलटं करून दाबू नका. वाचनालयासाठी घेणार असाल तर आल्याबरोबर बाइंडरकडून कडेला शिवून घ्या, पण आतला समास अर्धा इंच तरी आहे का ते आधी बघा. नाहीतर शिलाईत ओळींची आतल्या कडेची अक्षरं जातील.