मानसशास्त्र नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) संध्याकाळचा वर्ग, दांडिया बाजार, बडोदा

सांख्यिकीसाठी जरूर जा. टी-टेस्ट, अनोव्हा, काय-स्क्वेअर या सांख्यिकी चाचण्या आधी हातानं सोडवून घेतात, सूत्र नंतर. मुलं अडकतात ती डिग्री ऑफ फ्रीडमवर, म्हणजे किती आकडे मोकळेपणानं बदलू शकतात त्या संख्येवर. एकूण 30 जण 3 गटांत वाटले की गटांतर्गत ती 30 वजा 3, म्हणजे 27, हे इथे डोक्यात बसतं.

सराव परीक्षा मात्र फक्त दुसऱ्या, म्हणजे विषयाच्या पेपरची, 100 प्रश्नांची. खऱ्या परीक्षेत पहिल्या, सगळ्यांना सारख्या असलेल्या पेपरचे 50 प्रश्नही त्याच 3 तासांत उरकायचे असतात, आणि वेळ नेमका तिथेच कोलमडतो. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून कोरं काही सोडू नका (हेही कुणी सांगत नाही!).

'नेट झाली की दवाखाना उघडा' हा तिथला सल्ला साफ चूक. नेट अध्यापन-संशोधनासाठी, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.