१६ वर्षांची पजेरो, दीड वर्ष स्वतःच्या हातानं

मित्सुबिशी पजेरो एसएफएक्स, २.८ डिझेल, २००९ची. फेब्रुवारी २०२४मध्ये घेतली तेव्हा मीटरवर १,४८,००० किलोमीटर होते, आज १,६५,०००च्या पुढं गेलेत. मी कोल्हापूरला फौंड्रीत क्वालिटीला आहे, गाड्यांचं शिक्षण नाही. पण घेतल्यापासून मोजकी चार-पाच कामं सोडली तर या गाडीचा प्रत्येक नटबोल्ट मीच सोडलाय आणि मीच आवळलाय. जुनी पजेरो घेऊ का, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

घेतल्यावर भेटेल त्यानं एकच विचारलं, "पार्ट मिळतात का?" मिळतात. हे मॉडेल जपानमध्ये १९९१ला आलं आणि हिंदुस्तान मोटर्सनं ते आपल्याकडं चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यात जोडून २००२ पासून २०१२ पर्यंत विकलं. इतकी वर्षं जगभर चाललेल्या गाडीचे बुश (सांध्यातले रबर), बॉल जॉइंट, फिल्टर, रबरी पाइप कुठंतरी असतातच. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला आणि अगदीच नाही तर दिल्लीच्या काश्मिरी गेटला. चासी नंबरावरून पार्ट नंबर काढून मग फोन करायचा. "पजेरोचा आयडलर आर्म द्या" एवढंच म्हणाल तर दुसऱ्याच मॉडेलचा हातात पडतो.

खरी अडचण पार्टची नाहीच. नेमकं काय बिघडलंय ते शोधून सांगणारा माणूस मिळत नाही. गाडी मोठी, नाव मोठं, म्हणून शोध घ्यायच्या आधीच मोठा खर्च सांगितला जातो. माझ्याशी पहिल्याच महिन्यात तेच झालं.

या गाडीत सुपर सिलेक्ट फोर व्हील ड्राइव्ह आहे. छोट्या लिव्हरवर चार जागा: टूएच (फक्त मागची चाकं), फोरएच (चारही चाकं), फोरएच-एलसी (चारही, लॉक करून) आणि फोरएल-एलसी (तेच, हळू गिअरवर). हिची खासियत फोरएचमध्ये आहे. मध्ये सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) आणि त्याला आवर घालणारं व्हिस्कस कपलिंग असल्यानं फोरएच डांबरी रस्त्यावरही चालतं. पावसात घाट उतरताना चारही चाकांना ताकद आणि तरी वळणावर गाडी आखडत नाही. शंभरच्या आत सरळ चालताना टूएचवरून फोरएचला टाकता येतं. फोरएच-एलसीमध्ये मात्र ते डिफरन्शियल लॉक होतं, तो फक्त चिखल-मातीसाठी. कोरड्या डांबरावर तसं चालवाल तर शाफ्ट आणि गिअरवर पीळ चढत जातो आणि लिव्हर परत निघता निघत नाही.

माझ्या गाडीत फोरएच टाकलं की डॅशबोर्डवरच्या छोट्या चित्रातली पुढची दोन चाकं नुसती लुकलुकायची, स्थिर पेटायचीच नाहीत. एका गॅरेजमध्ये दाखवलं. ट्रान्सफर केस (ताकद पुढं-मागं वाटणारी गिअरची पेटी) उतरवावी लागेल, आत काय निघेल सांगता येत नाही, सत्तर हजार धरून चाला, असं सांगितलं. मी गाडी परत आणली आणि त्या रात्री सर्व्हिस मॅन्युअल घेऊन बसलो.

मॅन्युअल वाचल्यावर सगळी गोष्ट उलगडली. ट्रान्सफर केस आपलं काम करत असते. तिकडून पुढं ताकद गेली तरी पुढच्या अ‍ॅक्सलवर एक फ्रीव्हील क्लच असतो आणि तो जोडायचं-सोडायचं काम व्हॅक्यूमवर चालणारा अ‍ॅक्ट्युएटर करतो. बॉनेटखाली दोन सोलेनॉइड (विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह), तिथून रबरी नळ्या खाली अ‍ॅक्ट्युएटरपर्यंत. क्लच पूर्ण बसला असा निरोप स्विचकडून येईपर्यंत दिवे लुकलुकत राहतात. म्हणजे दिवा सांगत होता, "पुढचा क्लच अजून बसला नाही." ट्रान्सफर केसचं तो काहीच म्हणत नव्हता.

रविवारी सकाळी हाताचा व्हॅक्यूम पंप घेऊन बसलो. आधी थेट अ‍ॅक्ट्युएटरला लावला: दांडा सरकला, पंपाचा काटा जागेवर थांबला, म्हणजे आतला रबरी पडदा (डायफ्राम) शाबूत. सोलेनॉइडला बॅटरीचे बारा व्होल्ट दिले: दोन्ही टक-टक वाजले. उरली नळी. बाहेरून काळीभोर, बघून शंका येऊ नये अशी. वाकवली तर पापडासारखी मोडली. पंधरा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजून रबर कडक झालं होतं आणि बॅटरीच्या ट्रेखाली वळणावर बोटभर लांब चीर होती. तीन मीटर सिलिकॉनची नळी आणून सगळ्याच बदलल्या. पाचशे रुपयांच्या आत काम झालं. धाकटी मुलगी आत बसली होती, लिव्हर टाकल्यावर ओरडली, "बाबा, चारही हिरवी पेटली!" त्या दिवसापासून लुकलुक नाही.

जुनी पजेरो बघायला जाल तेव्हा हे आधी तपासा. मातीच्या रस्त्यावर फोरएच टाका आणि पुढची चाकं स्थिर पेटतात का बघा. विकणारा म्हणाला, "ते सेन्सरचं आहे ओ, काय नाही होत," तर खाली वाकून नळ्या बघा आणि त्याप्रमाणं किंमत बोला.

आता इंजिन. हिचं ४एम४० हे जुन्या पद्धतीचं दणकट इंजिन आहे. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळं ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायची कटकट नाही. पण एक गोष्ट या इंजिनाला अजिबात सहन होत नाही, ती म्हणजे गरम होणं. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. एकदा जोरात तापलं की हेडला तडा जायची भीती, आणि मग मात्र खर्च खरोखर मोठा.

माझ्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत चहासारखं पाणी. कूलंट नावालाही नव्हतं. थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! "आपल्याकडं उन्हाळा असतो, काढून टाकला की इंजिन थंड राहतं" या समजुतीनं कुणीतरी कधीतरी काढून फेकला होता. या एका समजुतीनं किती चांगली इंजिनं वाया गेलीत याचा मला मनापासून राग येतो. थर्मोस्टॅट इंजिनाला ठरलेल्या तापमानावर धरून ठेवतो. तो नसला तर इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त पितं, झीज वाढते. आणि नुसत्या पाण्यानं अ‍ॅल्युमिनियम आतून खात जातं.

चार वेळा पाणी भरून, चालवून, काढून धुतलं, तेव्हा स्वच्छ आलं. नवा थर्मोस्टॅट बसवताना त्याची ती छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. मग गाडीचं तोंड चढावर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहिलो. पाऊण तास लागला. इथं घाई केली तर हवा अडकते आणि पहिल्याच घाटात तापमानाचा काटा वर जातो.

फॅनचं कपलिंगही (पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) बघा. इंजिन चांगलं गरम झाल्यावर बंद करा, किल्ली खिशात घाला आणि मग हातानं पंखा फिरवा. आत सिलिकॉन तेल असतं, त्यामुळं जड फिरायला पाहिजे. झटक्यात दोन-तीन फेऱ्या मारल्या तर कपलिंग संपलं. माझं संपलं होतं, बदललं. त्यानंतर मे महिन्यात चार माणसं आणि सामान घेऊन आंबोली चढलो, एसी चालू, काटा मध्यावरून हलला नाही.

स्टीअरिंग हा या गाडीचा दुसरा मोठा विषय. हायवेवर सरळ धरली तरी गाडी थोडी भटकायची, सतत हात लावून ठेवावा लागायचा. अलाइनमेंट दोनदा करून झालं होतं, फरक शून्य. हिचं स्टीअरिंग जुन्या बॉक्सचं आहे: पिटमन आर्म, मधला रॉड, पलीकडं त्या रॉडचं दुसरं टोक धरणारा आयडलर आर्म, मग चाकांपर्यंत जाणारे टाय रॉड. मुलीला स्टीअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायला सांगितलं आणि मी खाली पडून एकेका जॉइंटवर बोट ठेवलं. आयडलर आर्मवर बोट ठेवताच खेळ जाणवला, चक्क वर-खाली हलत होता. लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुशही फाटलेले होते.

आयडलर आर्म नवा आणला, ते तासाभराचं काम. बुशसाठी मात्र प्रेस लागते आणि बुश बसवायला बरोबर मापाची रिंग लागते. दोन ठिकाणी विचारलं, दोघंही म्हणाले, "हातोड्यानं बसतोय की." हातोड्यानं बसवला तर बुशचा बाहेरचा पत्रा तिरका होतो. शेवटी उद्यमनगरात एका टर्नर मामांकडं गेलो. आर्म आणि नवा बुश त्यांच्यासमोर ठेवला. मामांनी व्हर्नियर लावला, दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बुशापेक्षा अर्धा एमएम बारीक रिंग देतो. ती ढकलायला, आणि खाली टेकायला एक मोठी. जेवून ये." जेवून आलो तर एमएसच्या (साध्या पोलादाच्या) रॉडमधून वळलेल्या दोन रिंगा तयार, कडा फाइलनं मोडलेल्या. शंभरेक रुपये घेतले असतील. त्याच रिंगांनी प्रेसवर चारही बुश सरळ बसले. त्या रिंगा मी तेल लावून कापडात गुंडाळून ठेवल्यात. आपल्या गावात असं काम करणारी माणसं आहेत म्हणून जुनी गाडी सांभाळता येते, हे मी अनुभवानं सांगतो.

बुशबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली आणि ती फार महत्त्वाची आहे. आर्मचे बोल्ट गाडी अधांतरी असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचा भार सस्पेन्शनवर, आणि मग शेवटचं पूर्ण आवळणं. लटकत्या आर्मवर आवळला तर गाडी खाली बसताच रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षभरात परत फाटतं. नंतर अलाइनमेंट केलं. आता हायवेला दोन बोटांनी सरळ जाते.

बाकी कामं छोटी. ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना आत गरम करणारे) मल्टिमीटरनं तपासा: चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. माझे दोन गेले होते. त्यातला एक हलेना, तेव्हा जोर केला नाही. पेनिट्रेटिंग ऑइल मारून दोन दिवस ठेवला, इंजिन कोमट असताना पुढं-मागं करत काढला. आत तुटला असता तर हेड उतरवावं लागलं असतं. डिझेल फिल्टर बदलल्यावर वरचा हातपंप कडक लागेपर्यंत दाबायचा, मगच सेल मारायचा. इंजिन ऑइल मी पाच हजारला बदलतो. ग्रीस गन दर दोन महिन्यांनी, आणि पावसात पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात.

मी स्वतः करत नाही ती कामं म्हणजे इंजेक्शन पंपाचं कॅलिब्रेशन, एसीचा गॅस, अलाइनमेंट आणि टायर. आणि एक कळकळीची विनंती. गाडी दोन टनांच्या आसपास आहे. नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली जाऊ नका. चासीखाली दोन्ही बाजूंनी घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड लावा, एकदा हलवून बघा, मगच आत जा. घरात कुणाला तरी सांगून जा.

खर्चाचं विचाराल तर दीड वर्षात पार्ट, तेल, हत्यारं धरून साधारण एक लाख दहा हजार गेले, त्यातले पंचवीस हजार हत्यारांचे. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणाला तेव्हा पाच हजार रुपये आणि वर पर्यावरण कर भरला, ते वेगळं. अ‍ॅव्हरेज मला नऊच्या आसपास मिळतं, गावात त्याहून कमी. रोज ऑफिसला न्यायला ही गाडी घेऊ नका.

मी का घेतली, तर शाळेत असताना डकार रॅलीची (वाळवंटातल्या लांब शर्यतीची) चित्रं वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवायचो. २००१ ते २००७ सलग सात वेळा आणि एकूण बारा वेळा पजेरोनं ती जिंकली. तेव्हापासून मनात होती. गेल्या जुलैत भुईबावडा घाटानं वैभववाडीला उतरलो. धुकं, वरून पाण्याचे लोट, रस्त्यावर लाल माती वाहून आलेली. फोरएचमध्ये, दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला जवळजवळ पाय न लावता खाली आलो. आत मुलगी झोपली होती. डॅशबोर्डवर चारही चाकं हिरवी होती आणि त्यातल्या प्रत्येकाच्या मागं कुठली नळी, कुठला क्लच, कुठला शाफ्ट आहे, हे मला माहीत होतं.

सध्या मागच्या डाव्या चाकाच्या कमानीत पत्र्याला गंज दिसतोय आणि इंजेक्शन पंपाच्या सीलला किंचित डिझेल पाझरतंय. पंप दिवाळीनंतर उतरवून द्यायचाय. गंजाचं काम पाऊस थांबला की मीच घेणार आहे. वेल्डिंग येणारा कुणी कोल्हापुरात ओळखीचा असेल आणि शेजारी उभं राहून बघू देणार असेल, तर जरूर कळवा.